आरपीआयबूट: ट्रेभर कॉम्प्यूट मॉड्यूल्स भरणाऱ्यांसाठी

कॉम्प्यूट मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या बोर्डवर बसवायचा रास्पबेरी पायचा छोटा संगणक, आणि आरपीआयबूट म्हणजे तो भरताना, म्हणजे त्यावर सॉफ्टवेअर चढवताना, लागणारं टूल. एकच मॉड्यूल भरायचं असेल तर आरपीआयबूटबद्दल लिहायला फारसं काही नाही. जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावायचा, केबल जोडायची, प्रोग्राम चालवायचा. मॉड्यूलवरची ईएमएमसी (साठवणीची पक्की बसवलेली चिप) पेन ड्राइव्हसारखी संगणकावर दिसू लागते, तिच्यावर इमेज (सगळ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत) लिहायची, संपलं. माझ्याकडे मात्र मॉड्यूल्स ट्रेनं येतात. ती भरून, तपासून, लेबल लावून जोडणीच्या टेबलाकडे पाठवणं हे माझं रोजचं काम आहे आणि ते मी याच टूलवर करते. तेव्हा हे परीक्षण ज्यांच्या टेबलावर यूएसबी हब आहे, हबला केबलींचा गुंता आहे आणि 'यातलं कुठलं राहिलं?' हा प्रश्न दिवसातून दहादा कानावर येतो, त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगते. आरपीआयबूट आपलं काम चोख करतं आणि ते काम म्हणजे बंद मॉड्यूलची ईएमएमसी तुमच्या संगणकापुढे उघडी करून ठेवणं. कुठल्या मॉड्यूलमध्ये काय गेलं, ते नीट उतरलं का, त्याची नोंद कुठे आहे, हे सगळं तुमच्यावर सोडलेलं आहे. बॅचच्या कामात जीव जातो तो याच उरलेल्या भागात. लिहिणं सोपं आहे, ओळख ठेवणं कठीण आहे. टूल निवडताना हे आधी कळलं तर पुढचं नियोजन बरंच वेगळं होतं.

टूल रास्पबेरी पायवाल्यांचंच आहे, मुक्त स्रोत आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. बॅचसाठी लिनक्सच घ्या. पोर्टवरून डिस्क ओळखायची जी सोय तिथे आयती मिळते, तिच्यावर माझं सगळं काम उभं आहे. २०१४ च्या पहिल्या कॉम्प्यूट मॉड्यूलपासून पद्धत मुळात तीच राहिली आहे, त्यामुळे एकदा हात बसला की पुढच्या पिढीच्या मॉड्यूललाही तो उपयोगी पडतो.

आतली गंमत अशी. मॉड्यूल ४ वर एनआरपीआयबूट नावाची पिन आहे. वीज येताना ती ग्राउंडला जोडलेली असली तर प्रोसेसर ईएमएमसीकडे बघतच नाही. यूएसबी डिव्हाइस होऊन बसतो आणि केबलच्या पलीकडून कोणी बूटची फाइल देतंय का याची वाट बघतो. आरपीआयबूट ती फाइल देतं. ही वाट बघणारा कोड चिपच्या रॉममध्येच आहे, तो कोणाला पुसता येत नाही. म्हणून इमेज कितीही बिघडलेली असो, लिहिताना मध्येच वीज गेलेली असो, मॉड्यूल बाद होत नाही. जम्पर लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. ट्रेभर महागडी मॉड्यूल्स समोर असताना या एका गोष्टीनं किती निवांत वाटतं, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल.

जुन्या पद्धतीत ईएमएमसी दाखवायला एक छोटं फर्मवेअर जायचं. आता मास स्टोरेज गॅजेट नावाचा फोल्डर आहे, तो वापरा. त्यात मॉड्यूलच्या रॅममध्ये एक आटोपशीर लिनक्स चढतं आणि तेच ईएमएमसी बाहेर दाखवतं. वेग जुन्यापेक्षा चांगला मिळतो, कॅरिअरवर, म्हणजे मॉड्यूल ज्यावर बसतं त्या बोर्डवर, एनव्हीएमई डिस्क असेल तर तीही दिसते आणि अडलंच तर कन्सोलवरून आत शिरून बघता येतं. जुन्या सूचना वाचून कोणी अजून पहिला रस्ता धरत असेल तर तो सोडून द्यावा.

आता वेगाकडे येऊ, कारण हब विकत घेताना सगळ्यांच्या डोक्यात तोच असतो. कागदावर मांडून बघा. मॉड्यूल ४ चं हे पोर्ट यूएसबी २.० चं. नावाला सेकंदाला ४८० मेगाबिट, पण मास स्टोरेजच्या हाती सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट आले तरी पुष्कळ. ४ जीबीची इमेज एका मॉड्यूलवर जायला साधारण दोन मिनिटं. त्याच हबवर दहा मॉड्यूल्स लावली तर वर जाणारी केबल एकच, तेच ३५ मेगाबाइट दहांत वाटले जाणार. वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे एकेक करून भरली असती तेवढाच वेळ! यूएसबी ३ चा हब आणूनही फरक पडत नाही, कारण त्याच्या पोटात २.० साठी वेगळा हब असतो आणि २.० ची सगळी उपकरणं त्यातूनच वर जातात. हबनं वाचतो तो माणसाचा वेळ. दर दोन मिनिटांनी केबल बदलायला उठावं लागत नाही, हाच फायदा, आणि तो छोटा नाही.

खरा वेळ वाचवायचा असेल तर मार्ग दोन. पहिला, हब वाटून वेगवेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर लावणं. दुसरा, कमी लिहिणं, आणि माझ्या मते आधी हाच करावा. बीमॅपटूल हे काम सुंदर करतं. इमेजमधल्या कुठल्या ब्लॉकमध्ये खरा मजकूर आहे याचा नकाशा ते आधी बनवून ठेवतं आणि लिहिताना रिकामे ब्लॉक सोडून देतं. ४ जीबीच्या इमेजमध्ये दीड जीबीच भरलेलं असेल तर वरचं वीस मिनिटांचं गणित सात-साडेसात मिनिटांवर येतं. डीडी या लिनक्सच्या साध्या कॉपीच्या आज्ञेची सवय असलेल्यांनी एकदा तरी करून बघावं. मात्र फिल्डवरून परत आलेलं, आधी भरलेलं मॉड्यूल असेल तर सोडून दिलेल्या ब्लॉकमध्ये जुना मजकूर तसाच राहतो. फाइल सिस्टिमला त्याचं काही वाटत नाही, पण तो मजकूर कोणा दुसऱ्या ग्राहकाचा असू शकतो. अशी मॉड्यूल्स मी वेगळ्या ट्रेत ठेवते आणि आधी पूर्ण पुसून घेते.

एकाच संगणकाला किती मॉड्यूल्स लावता येतील याला आणखी एक मर्यादा आहे, जी कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते. पुस्तकात यूएसबीचे १२७ पत्ते असतात, पण कंट्रोलरकडे एंडपॉइंटसाठी (उपकरणाशी बोलायच्या वाटांसाठी) जागा त्याहून बरीच कमी असते. प्रत्येक उपकरण त्यातले काही खातं, हब स्वतःही खातात. जागा संपली की पुढचं मॉड्यूल दिसतच नाही आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'नॉट इनफ होस्ट कंट्रोलर रिसोर्सेस' अशी ओळ येते. लोक मग केबल बदलतात, मॉड्यूल खराब म्हणून बाजूला काढतात. लॉग उघडून ती एक ओळ शोधली तर तासभराचा मनस्ताप वाचतो.

आता मूळ मुद्दा, ओळख.

दहा मॉड्यूल्स एकदम चालू झाली की लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं, आणि ती देतं ज्या क्रमानं ती जागी झाली त्या क्रमानं. पुढच्या फेरीत क्रम वेगळा. इमेजच्या यूयूआयडीवरून (डिस्कच्या विभागणीला दिलेल्या ओळख क्रमांकावरून) ओळखावं म्हटलं तर भरल्यानंतर दहाही मॉड्यूल्सचे यूयूआयडी एकच, कारण इमेज एकच. त्यात भरणारा संगणकही त्याच इमेजवर चालणारा रास्पबेरी पाय असेल तर तो स्वतःची रूट डिस्क शोधताना मॉड्यूलच्या डिस्कवर जाऊन बसू शकतो. यूयूआयडीच्या वाटेला बॅचमध्ये जाऊच नये.

भरवशाचं नाव एकच: डिस्कच्या बाय-पाथ फोल्डरमधलं. त्यात कंट्रोलरचा पत्ता आणि हबच्या कुठल्या पोर्टवरून केबल आली त्याची साखळी असते. हब हलवला नाही तर पोर्टचं नाव बदलत नाही. मी हबच्या प्रत्येक पोर्टवर कापडी टेपचा तुकडा लावून त्यावर आकडा लिहिला आहे, तोच आकडा केबलच्या दुसऱ्या टोकाला, तोच कॅरिअर बोर्डच्या कडेला. स्क्रिप्टमध्ये एक छोटा तक्ता आहे: हा मार्ग म्हणजे एक नंबर, हा मार्ग म्हणजे दोन नंबर. स्क्रीनवर दहा चौकोन, राखाडी असताना रिकामा, पिवळा म्हणजे लिहितोय, निळा म्हणजे तपासतोय, मग हिरवा किंवा लाल. माझ्या जोडीला असलेल्या मुलाला लिनक्स येत नाही आणि यायची गरजही नाही. "ताई, सात लाल," एवढंच तो सांगतो आणि सात नंबरचं मॉड्यूल उचलून लाल ट्रेत ठेवतो. एसडीजी की एसडीएच या वादात आम्ही कधी पडत नाही.

आरपीआयबूटनं या बाबतीत चांगली मदत केली आहे आणि तिचा उल्लेख फार कमी ठिकाणी होतो. ठरावीक यूएसबी मार्गावरच्याच मॉड्यूलकडे बघ, बाकीच्यांना हात लावू नको, असं त्याला सांगता येतं. ओव्हरले नावाच्या पर्यायानं प्रत्येक मार्गाला वेगळी बूट फाइल देता येते, म्हणजे हबच्या अर्ध्या पोर्टवर एक प्रकार आणि उरलेल्यांवर दुसरा. शिवाय लूपचा पर्याय आहे. तो लावला की प्रोग्राम बसूनच राहतो आणि जे मॉड्यूल जोडलं जाईल त्याला बूट देत जातो. उत्पादनासाठी लूप हवाच. बूट इइप्रॉम (मॉड्यूल सुरू होतानाचा कोड ठेवणारी चिप) नव्यानं लिहिताना मॉड्यूलची माहिती जेसन फाइलमध्ये उतरवून घ्यायचीही सोय आहे, तीत अनुक्रमांक आणि मॅक पत्ता (नेटवर्कचा हार्डवेअर पत्ता) येतो. मी ती फाइल नोंदीचा पाया म्हणून वापरते. पोर्ट, अनुक्रमांक, मॅक, इमेजची आवृत्ती, तपासणीचा निकाल, वेळ. इतकं एका ओळीत. यातलं काहीही टूल आपण होऊन जोडून देत नाही, पण जोडायला लागणारे सगळे तुकडे देतं.

तक्रार हबांबद्दल आहे. एका हबच्या खोक्यावर ठळक लिहिलं होतं की प्रत्येक पोर्टची वीज स्वतंत्रपणे बंद-चालू करता येते. यूएचयूबीसीटीएल नावाचं टूल अशा हबला आज्ञा देतं, आणि अडकलेलं एकच मॉड्यूल हात न लावता पुन्हा सुरू करायला हे फार सोयीचं असतं, जर कॅरिअर बोर्ड हबच्याच विजेवर चालत असेल तर. आम्ही चार नंबरची वीज बंद केली आणि सगळी रांग बसली, लिहिणं चालू असलेली मॉड्यूल्ससुद्धा. आत सगळ्या पोर्टना एकच स्विच. मॉड्यूल्सचं काही बिघडलं नाही, कारण रॉममधला तो कोड; पण फेरी वाया गेली. खोक्यावरच्या दाव्यावर विसंबू नका. नवा हब आला की रिकामी मॉड्यूल्स लावून एका पोर्टची वीज बंद करा आणि शेजारी जागा आहे का ते बघा. मॉड्यूल ४ साठीच्या रास्पबेरी पायच्या अधिकृत कॅरिअरला, म्हणजे आयओ बोर्डला, १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो, तिथे हबच्या स्विचचा प्रश्नच येत नाही. पण मग वीज बंद करायची दुसरी व्यवस्था हवी.

डेस्कटॉप असलेल्या संगणकावर हे काम करणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. इमेज लिहून संपते न संपते तोच डेस्कटॉप ती विभागणी आपण होऊन माउंट करतो, खिडक्या उघडतात आणि तपासणीच्या मध्येच डिस्कवर काहीतरी लिहिलं जातं. मग चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि दोष मॉड्यूलवर जातो. भरण्याच्या संगणकावर डेस्कटॉप ठेवूच नये, किंवा त्या पोर्टवरच्या डिस्क दुर्लक्षित करायचा नियम यूडेव्हमध्ये, म्हणजे लिनक्सच्या उपकरणं ओळखणाऱ्या भागात, लावावा.

तपासणीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे लोक घाई करतात. डीडी संपलं म्हणजे मजकूर ईएमएमसीवर पोचला असं नाही. आधी तो संगणकाच्या रॅममध्ये साठतो आणि मग सावकाश खाली उतरतो. दहा डिस्क एकदम असताना सुरुवातीला वेग अविश्वसनीय दिसतो आणि शेवटी सगळं थबकल्यासारखं होतं, ते याचमुळे. त्या क्षणी केबल काढली तर मॉड्यूल अर्धवट भरतं आणि तरीही कधीकधी बूट होतं. मग बिघाड ग्राहकाकडे दिसतो. लिहिण्याच्या आज्ञेतच शेवटी सिंक करायला सांगा.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. लिहिलेलं परत वाचून चेकसम काढला तर तो अनेकदा ईएमएमसीवरून वाचला जातच नाही, संगणकाच्या रॅममधल्या त्याच ताज्या प्रतीवरून येतो. अर्थातच जुळतो! वाचताना कॅशे टाळणारा डायरेक्ट पर्याय दिला तरच मजकूर खरोखर केबलमधून परत येतो. बीमॅपटूलचे चेकसम इमेजची बाजू तपासतात, म्हणजे वाचलेली इमेज नकाशाशी जुळते का. लिहिलेलं परत वाचून बघायचं काम वेगळं करावं लागतं. मी नकाशातलेच ब्लॉक परत वाचते, त्यामुळे वेळ साधारण दुप्पट होतो, चौपट नाही. सुटलेली तपासणी दिवसाच्या शेवटी आकड्यात छान दिसते, पण शंभर किलोमीटरवर खांबाला लावलेल्या डब्यातलं मॉड्यूल पुन्हा भरायला जाणाऱ्या माणसाचा दिवस मला दिसतो. म्हणून निळा चौकोन संपल्याशिवाय आमच्याकडे केबल निघत नाही.

इमेजबद्दलही इथेच सांगते, टूलशी थेट संबंध नसला तरी. एकदा चालू करून, सगळं बसवून, मग तिचीच प्रत काढलेली इमेज अनेक ठिकाणी सर्रास 'मास्टर' म्हणून येते. अशा इमेजमधून निघालेल्या प्रत्येक मॉड्यूलला एकच एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) किल्ली आणि एकच मशीन-आयडी मिळतो. सिस्टमडीचं नेटवर्क वापरत असाल तर डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) सांगायची ओळख त्या मशीन-आयडीवरूनच तयार होते. दोन मॉड्यूल्स एकाच आयपीवर भांडू लागतात आणि सगळे राउटरला नावं ठेवतात. मास्टर बनवताना होस्ट किल्ल्या काढून टाकायच्या, मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवायची, पहिल्या बूटला दोन्ही नव्यानं बनतील अशी सोय करायची. विभागणीही छोटीच ठेवायची आणि पहिल्या बूटला ती ईएमएमसीभर पसरू द्यायची. त्यामुळे ८ जीबी आणि ३२ जीबीच्या मॉड्यूल्सना एकच इमेज चालते आणि लिहायचं ओझंही कमी राहतं.

हबचा व्याप नको असेल तर रास्पबेरी पायचाच दुसरा रस्ता आहे, सीएमप्रोव्हिजन. एका पायवर हे वेब अ‍ॅप बसवायचं, त्याला स्वतंत्र नेटवर्क स्विच जोडायचा आणि मॉड्यूल्स इथरनेटनं लावायची. कोऱ्या मॉड्यूल ४ ला ईएमएमसीवर काही सापडलं नाही की ते नेटवर्ककडे वळतं, तिथून इमेज उचलतं, भरतं. जम्पर नाही, यूएसबी नाही. नोंदही ते स्वतः ठेवतं, लेबल छापायला पाठवतं, बूट इइप्रॉमच्या सेटिंग्ज आणि आधी-नंतर चालवायच्या स्क्रिप्ट प्रकल्पात बांधून ठेवता येतात. म्हणजे आरपीआयबूटनं तुमच्यावर सोडलेलं बरंचसं काम इथे तयार मिळतं. वेगातही फायदा आहे, कारण तारेवरून दाबलेली इमेज जाते आणि ती उलगडायचं काम प्रत्येक मॉड्यूल स्वतः करतं. दाबलेली इमेज ६०० मेगाबाइटची धरली तर दहा मॉड्यूल्सना मिळून ६ जीबी, गिगाबिटच्या एका तारेतून मिनिटभराचा माल. पुढे ईएमएमसीचा स्वतःचा वेग काय तो उरतो. ज्यांच्या कॅरिअरवर इथरनेटचं पोर्ट आहे आणि मॉड्यूल्स फॅक्टरीतून कोरी येतात, त्यांनी आधी हाच रस्ता बघावा असं मी मोकळेपणानं सांगेन. आमच्या कॅरिअरवर इथरनेट नाही आणि परत आलेली, भरलेली मॉड्यूल्सही सारखी हाताखालून जातात. ती नेटवर्ककडे वळत नाहीत, ईएमएमसीवरूनच उठतात. म्हणून आम्ही जम्पर आणि यूएसबीवरच आहोत.

सिक्युअर बूट लागणार असेल तर टेबलच वेगळं करा. तिथे किल्लीचा हॅश (तिच्यावरून काढलेला ठसा) चिपच्या ओटीपी नावाच्या स्मृतीत एकदाच लिहिला जातो आणि परत काढता येत नाही. रॉममुळे मॉड्यूल नेहमी परत उभं राहतं हा जो दिलासा मी वर सांगितला, तो इथे लागू नाही: तुमच्या किल्लीनं सही केलेलंच सॉफ्टवेअर ते मॉड्यूल इथून पुढे स्वीकारणार. खासगी किल्ली हरवली तर त्या किल्लीची सगळी मॉड्यूल्स जिथे आहेत तिथेच थांबली. साध्या भरण्याच्या हबवर हे काम कधीही मिसळू नये. केबल चुकीच्या पोर्टला गेल्याची भरपाई तिथे करता येत नाही.

शेवटचं हार्डवेअर, आणि इथे मला कॅरिअर बोर्ड आखणाऱ्यांशी बोलायचं आहे. मॉड्यूल ४ खाली १०० पिनांचे दोन कनेक्टर आहेत, हिरोसेचे डीएफ४० जातीचे, दोन पिनांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर. त्यांची जोडणी-काढणी ३० वेळांपुरती धरलेली आहे. मॉड्यूलला ते पुरतं, त्याच्या आयुष्यात तेवढी वेळ येत नाही. पण भरण्यासाठी ठेवलेल्या एकाच आयओ बोर्डवर ट्रेमागून ट्रे मॉड्यूल्स बसवली तर तो बोर्ड ती मर्यादा दुपारपर्यंत ओलांडतो. मग सुरू होतात ते 'कधी दिसतं, कधी दिसत नाही' प्रकारचे बिघाड, आणि त्यांचं खापर फुटतं मॉड्यूलवर, केबलवर, आरपीआयबूटवर. भरण्याचे बोर्ड ही संपणारी वस्तू आहे असं धरून ते मोजून बदला, किंवा स्प्रिंगच्या पिनांचा जिग (मॉड्यूल दाबून धरणारा साचा) करून घ्या.

सगळ्यात चांगलं म्हणजे मॉड्यूल ज्या कॅरिअरवर कायमचं राहणार आहे त्यावर बसवूनच भरणं. एकदाच बसतं, पुन्हा निघत नाही. त्यासाठी कॅरिअरवर दोनच गोष्टी लागतात: यूएसबीच्या दोन डेटा लाइन्स बाहेर पोचतील असं पोर्ट किंवा पॅड, आणि एनआरपीआयबूटची पिन ग्राउंडला नेणारं बटण. मॉड्यूल ४ वर यूएसबी २.० चं पोर्ट एकच आहे. त्याला कॅरिअरवरचा हब कायमचा चिकटवला असेल तर भरताना तो बाजूला करणारा स्विचही आराखड्यात घ्यावा लागतो, तोही आधीच. बोर्ड छापून आल्यावर पिनेला वायर डकवत बसणं प्रत्येक तुकड्याला परवडत नाही. आमच्या नव्या कॅरिअरवर बटण डब्याच्या कडेला, केबल आत येते त्या तोंडाच्या शेजारच्या छोट्या भोकातून दाबता येईल असं ठेवून घेतलं आहे. डबा न उघडता, लॅपटॉप आणि एका केबलवर, जागेवरच मॉड्यूल भरता येतं.